टपालवाला ओक्ताव तेहरानात

तेहरान, ९ आजर

बर्दिया,

काल संध्याकाळी मोहतरम खानमचं आशच्या सूपचं भांडं परत करायला शेजारी गेले होते. त्यांच्याकडे बाहेरचं चॅनेल दिवसभर चालू असतं, तुला माहीतच आहे. दारातच ओरडल्या, "अगं गोलनूश, धाव! तुझा भाऊ!"

मला वाटलं, तुला काही झालं. हातातलं भांडं तसंच धरून आत गेले. पडद्यावर तू होतास. राखाडी कोट, दाढी वाढलेली, ब्रसेल्समधला कुठलासा उजळ हॉल. आणि तुझ्या मागच्या भिंतीवर माणसाच्या उंचीएवढा मोठा करून लावलेला माझा ओक्ताव. माझी बकरी, बीबी. आमच्या तळघरातला पाण्याचा पंप.

मुलाखत घेणाऱ्या बाईनं विचारलं, "इतकी वर्षं सगळा देश ज्याला शोधतोय तो चित्रकार म्हणजे तुम्हीच?"

आणि तू म्हणालास, "हो. मीच."

मोहतरम खानम माझे गाल कुस्करत होत्या, "काय गं, आम्हाला एका शब्दानं सांगितलं नाहीस! घरात एवढा मोठा माणूस!" मी त्यांचं भांडं त्यांना न देताच परत घेऊन आले. अजून ते आमच्या ओट्यावर पडलंय.

बर्दिया, हे तू काय केलंस?

ओक्तावला आपण दोघांनी मिळून लहानपणी वाचलं हे मला मान्य आहे. बेल्जियमचा तो लाल टोपीवाला टपालवाला आणि त्याची बकरी. बकरीचं नाव बीबी, आपण आजीला म्हणतो तेच, म्हणून बाबा किती हसायचे, "अरे, या लोकांनी आपल्या आजीला शेपूट लावलं!" जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ते ते अंक कागदात गुंडाळून आणायचे, हेही खरं. पण ओक्तावला तेहरानात कोणी आणलं? टॅक्सीवाला "राहू द्या हो, तुमच्याकडून काय घ्यायचं" म्हणाला, ते त्या बिचाऱ्यानं खरं मानलं, आभार मानून उतरला, आणि टॅक्सीवाला त्याच्यामागे थेट कूम शहरापर्यंत धावला, ते कोणी काढलं? इमारतीच्या सभेत पत्र द्यायला गेला आणि "मी नाही, मी नाही" असं ओरडायचं त्याला न सुचल्यामुळे इमारतीचा व्यवस्थापक होऊन बसला, ते? बीबीची शिंगं रुमालाबाहेर दिसतात म्हणून चौकात पोलिसांनी तिला अडवलं, लेखी हमी मागितली आणि तिनं ती हमी खाऊन टाकली, ते?

मी. दिवसभर सार्किसियान यांच्या प्रेसमध्ये औषधांच्या डब्यांतली माहितीपत्रकं जुळवायची, घरी येऊन आईचं जेवण, आईच्या गोळ्या, आणि उरलेल्या वेळात ओक्ताव. पानं इंटरनेटवर सोडायची, नाव कुठेही नाही. नाव घातलं असतं तर काय झालं असतं हे सांगायची गरज नाही. पहिलं पान मी फक्त तुला पाठवलं होतं. तू लिहिलं होतंस, "बकरीचे डोळे अजून थोडे आळशी कर." जगात ही गोष्ट माझ्याखेरीज एकट्या तुला ठाऊक होती.

बाबा गेल्यावर त्यांच्या चाळिसाव्या दिवसालासुद्धा तू आला नाहीस. त्यानंतर मी तुझ्याशी बोलले नाही, आणि मला वाटलं, माणूस याहून वाईट वागू शकत नाही.

आणि तू बोललास काय? "हा पंप म्हणजे सत्ता आहे. ही इमारत म्हणजे आपला देश आहे." बर्दिया, पंप म्हणजे पंप आहे! तो सारखा बिघडतो, पहिल्या मजल्याला पाणी त्याच्याशिवायच येतं म्हणून ते खर्च द्यायला तयार नाहीत, आणि पाचव्या मजल्यावर माझी आजारी आई बादली धरून बसते. लोक हसले ते म्हणून हसले.

हे फोनवर बोलता येत नाही. मादाम सार्किसियान बहिणीकडे आर्मेनियात, येरेवानला निघाल्यात, तिथून टपालात टाकतील. मला उत्तर हवं आहे.

गोलनूश


तेहरान, ४ दय

बर्दिया,

उत्तर मागितलं होतं. आला तो फोनवरचा निरोप: "आईची काळजी घे. आणि थोडे दिवस ती चित्रं-बित्रं बघत बसू नकोस. डोळे बिघडतील."

हे वाचून मी पहिल्यांदा हसले आणि मग इतकी संतापले की संगकची अख्खी रोटी उभ्या उभ्या खाल्ली. चोरी करून वर माझ्या डोळ्यांची चौकशी?

इकडची मजा ऐक. रोटीवाला मला रांगेतून पुढे बोलावतो. म्हणतो, "खानम, तुमच्या भावानं इतक्या लांब बसून आमची नाडी बरोबर ओळखली हो! परदेशात राहूनही विसरला नाही!" तिसऱ्या मजल्यावरच्या आगा-ए-तवक्कोलींना वाटतं की सभेत टेबलावर बूट आपटणारा म्हातारा म्हणजे पहिल्या मजल्याचे शेजारी. पहिल्या मजल्याच्या शेजाऱ्यांना वाटतं तो तवक्कोली. दोघंही तुझ्यावर खूश आहेत. आणि मोहतरम खानमनी ते पान मोठं छापून दिवाणखान्यात लावलंय, ज्यात एक बाई निरोप देताना दारात इतका वेळ बोलते की बाहेर उभी राहिलेली पाहुणी म्हातारी होते. मला दारात उभं करून, पायात चप्पल घालू न देता, त्यांनी ते पान किती खरं आहे हे सांगितलं. माझ्या पायाला मुंग्या आल्या.

आई काय म्हणाली ते सांगायला नको होतं, पण सांगते. मोबाइलवर ती मुलाखत तिनं परत परत पाहिली. मग चष्मा पुसत म्हणाली, "पोरगं पहिल्यापासून वात्रट. पण मला एक कळत नाही. नळवाल्याला मी म्हटलं होतं की, 'बाबा, तू आलास की पाणी जातं, तू गेलास की वीज जाते, तू लग्न तरी कर म्हणजे एकाच घराचं वाटोळं होईल.' हे त्याला ब्रसेल्समध्ये कसं ऐकू गेलं?"

मी म्हटलं, "तूच फोनवर सांगितलं असशील."

"असेल," ती म्हणाली. आणि अशी हसली, बर्दिया, जशी ती माझ्या कुठल्याही बोलण्याला कधी हसलेली नाही. मी तिच्यासमोर सब्जी निवडत बसले होते.

आणि नवरोजचं तिकीट? तू तिला सांगितलंस की प्रदर्शनाचं काम निघालं, यंदा जमत नाही. तिनं गालिचा धुवून आणलाय. नवरोजच्या माशासाठी मासेवाल्याला आत्तापासून सांगून ठेवलंय. डायलिसिसच्या खुर्चीत शेजारच्या बाईला रोज सांगायची, "माझा मुलगा येणार आहे." आता तिला म्हणते, "मोठा माणूस झालाय, त्याला वेळ कुठला." माझ्यासमोर रडत नाही. स्वयंपाकघरात जाते आणि नळ सोडते, पाणी असलं तर.

बाबांच्या वेळी तुझ्याजवळ कागदपत्रं नव्हती, असं तू म्हणाला होतास. आता कागदपत्रं आहेत. आता टाळ्या आडव्या आल्या का?

मी नवीन पान काढायला घेतलंय. तू कितीही नको म्हण. ते लोकांसमोर आलं की सगळ्यांना कळेल, तेहरानात राहिल्याशिवाय ते काढताच येणार नाही.

गोलनूश


तेहरान, १७ बहमन

दादा,

घाईत लिहितेय. अक्षर लागलं नाही तर अंदाजानं वाच.

परवा सकाळी प्रेसमध्ये तीन माणसं आली. आवाज नाही, धक्काबुक्की नाही. माझा संगणक उचलला, ड्रॉवर रिकामा केला आणि म्हणाले, "खानम, जरा आमच्याबरोबर या, दोन प्रश्न आहेत." सार्किसियान आगा मशीनजवळ उभे होते. त्यांनी मशीन बंद केलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. मला वाटलं, यांनीच मला पकडून दिलं.

एका खोलीत नेलं. टेबलापलीकडचा माणूस बाबांच्या वयाचा, गळ्यापर्यंत बटण लावलेला सदरा, बोलणं अगदी अदबीचं. चहा मागवला. माझ्यासमोर साखरेचे खडे सरकवले. मग एकामागून एक पानं मांडली. माझीच. टॅक्सीवालं पान आलं तेव्हा त्याच्या तोंडाचा कोपरा हलला. त्यानं तो खोकून झाकला.

"कोणाचं अक्षर आहे हे?" त्यानं विचारलं.

चित्रावर नव्हतं त्याचं बोट. फुग्यातल्या शब्दांवर होतं. शेजारी त्यानं रक्तदाबाच्या गोळीचं माहितीपत्रक ठेवलं. तेच छापील अक्षर, तेच वळण. 'काफ'चा तोच लांब हात, 'नून'चं तेच खोल पोट. दादा, माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं! चित्रांतून माझं नाव, माझा रस्ता, माझी खिडकी सगळं पुसलं मी. आणि अक्षर मात्र दिवसभर हाताला सवय होती तेच वापरलं.

तो म्हणाला, "शरद ऋतूतच आमच्या लक्षात आलं. अख्ख्या शहरात ही अक्षरं एकाच प्रेसमध्ये जुळतात. आणि तिथं ती जुळवणाऱ्या तुम्ही एकट्या. आम्ही तुमच्याकडे येणारच होतो."

मी कप खाली ठेवला. आता बोलायचंच, असं मी ठरवलं. खरं सांगते, भीतीपेक्षा मला एक विचित्र सुटका वाटली. म्हणजे निदान या एका खोलीत तरी चित्रं माझी होणार होती. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात तो म्हणाला, "पण तुमच्या भावानं आमचं काम सोपं केलं. टीव्हीवर स्वतःच कबूल झाला. मग जुनी माहिती काढली. हा अक्षरांचा साचा मुळात त्यानंच त्या प्रेसमध्ये काढलेला, देश सोडण्याआधी. बरोबर?"

बरोबर. तूच काढला होतास. ते मी विसरूनच गेले होते. तू सोडून गेलास आणि मी तुझ्या खुर्चीत बसले, तुझीच अक्षरं वापरत राहिले.

"तुम्ही त्याला इथल्या गोष्टी कळवत होता का?"

मी साखरेच्या खड्यांकडे बघत राहिले. त्यानं ते शरमेनं असेल असं धरलं. म्हणाला, "बहीण-भाऊ बोलणारच. आई नळवाल्याला काय म्हणाली हे काही गुपित नाही. पण त्याला सांगा, विमानतळावर आम्ही त्याची वाट बघतोय. आणि तुम्ही कुठे जाऊ नका. पासपोर्ट आमच्याकडे राहील."

मला सोडून दिलं. रस्त्यावर बर्फाचा चिखल होता. मी किती वेळ चालले मला ठाऊक नाही. प्रेसचं दार आलं तेव्हा कळलं की मी प्रेसकडेच चालत होते.

सार्किसियान आगा एकटेच होते. मी म्हटलं, "तुम्ही त्यांना सांगितलंत?"

म्हातारा खाली बसला. "पोरी, पहिल्या पानापासून मला माहीत होतं. माझ्या प्रेसचं अक्षर मी ओळखणार नाही? शरदात दोघं जण माहितीपत्रकाचे नमुने मागायला आले, तेव्हा मला कळलं काय चाललंय. फोनवर बोलू नये हे कळत होतं, तरी घरी जाऊन बर्दियाला फोन लावला. दुसरं कोणाला सांगणार?"

"तो काय म्हणाला?"

"एवढंच विचारलं की, 'तिला कळलंय का?' मी म्हटलं, नाही. म्हणाला, 'सांगू नका. तिला कळलं तर ती उठून मीच काढलं म्हणेल. बापावर गेलीय.' आणि मग म्हणाला, 'आगा, ते अक्षर तर माझंच आहे ना?' त्याच आठवड्यात तो टीव्हीवर होता. प्रदर्शन कसलं गं, एका आर्मेनियन मंडळाचा हॉल होता तो. माझ्या मेव्हण्यानं मिळवून दिला. चित्रं भिंतीला आदल्या रात्री चिकटवली."

दादा.

मी तुला चोर म्हटलं. लेखी म्हटलं, आणि म्हाताऱ्याच्याच बायकोच्या हातून ते पत्र पाठवलं. त्यांनी ते बिनबोलता नेलं. तू ते वाचलंस आणि मला डोळे जप म्हणालास.

अर्धवट पान मी जाळलं. चित्रं बघत बसत नाही आता.

पण एक सांगते, रागावू नकोस. तू मला विचारायला हवं होतंस. तू माझा जीव वाचवलास आणि माझं सगळ्यात आवडतं काम घेऊन गेलास, दोन्ही एकाच वाक्यात. उपकार मानू की भांडू, हे मला कळत नाही. दोन्ही करते. तुझा घरी यायचा रस्ता तू माझ्यासाठी बंद केलास. आता हे आईला कोण सांगणार?

गोलनूश


तेहरान, २८ इस्फंद

दादा,

हे पत्र सार्किसियान आगा स्वतः येरेवानला घेऊन येताहेत. ते पोचेपर्यंत आई तुझ्यासमोर बसलेली असेल आणि तिनं सगळं आपल्या पद्धतीनं सांगूनही झालं असेल. तरी माझ्याकडून ऐक, कारण ती मीठमसाला लावते.

मी तिला सांगितलं. डायलिसिसहून आणलं होतं, चादर पांघरून पडली होती. म्हटलं, चित्रं माझी आहेत. म्हटलं, दादा येत नाही असं नाही, त्याला येता येणार नाही. का, ते सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल.

तिनं उठून माझ्या कानाखाली वाजवली. या वयात, दादा! हाताला पट्टी बांधलेली होती, त्याच हातानं.

"गाढवांनो!" ती म्हणाली. "एक टिंगल करते आणि दुसरा ती अंगावर घेतो, आणि आईला कोणी विचारत नाही! नळवाला माझा, पंप माझा, बोलणं माझं. मला विचारलं होतं कोणी छापायला?"

मग पडून राहिली, भिंतीकडे तोंड करून. मी दाराशी बसून होते. तसंच पडून तिनं विचारलं, "बुटाचं पानसुद्धा तुझंच?"

"हो."

"आणि त्या बाईचं, दारातल्या?"

"हो, आई."

"मोहतरमला सांगू नकोस. मरेल ती." आणि तिचे खांदे हलायला लागले. हसत होती की रडत होती हे मी उठून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती चहाला बसली ती वेगळीच बाई होऊन. "त्याला इथे येता येत नाही. तुला इथून जाता येत नाही. मला कोणी अडवलंय?" जी बाई डॉक्टरकडे जाताना सुद्धा 'नको गं, लोकांना त्रास' म्हणते, ती सार्किसियानांच्या घरी जाऊन बसली. मादामच्या बहिणीची मुलगी येरेवानच्या इस्पितळात परिचारिका आहे. डायलिसिसची खुर्ची मिळाली, तू ब्रसेल्सहून तिथे यायचे दिवस ठरले. व्हिसा लागत नाही. मी विरोध केला. म्हटलं, वाटेत काही झालं तर? म्हणाली, "इथे पंप बंद पडून काही होणारच आहे. तिथे निदान मुलासमोर होईल."

काल सकाळी आईला आणि मादामना विमानतळावर सोडलं. चाकाच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर तुझ्यासाठी पिस्ते आणि सुकवलेली सब्जी, नवरोजच्या भातासाठी. मला म्हणाली, "फ्रिजमध्ये तुझं जेवण आहे." एवढंच. मिठी मारायला गेले तर माझा रुमाल नीट केला आणि मादामना म्हणाली, "चला."

काचेच्या पलीकडे मला जाता येत नाही. पण दिसतं. मादामचा पासपोर्ट पटकन झाला. आई मागे. मी मनात म्हणत होते, गप्प बस, आई, फक्त आज गप्प बस. तिच्या पासपोर्टवर तिच्या माहेरचं नाव आहे, तुझ्याशी तिचा संबंध जोडायचं कोणाला काही कारण नव्हतं. त्या अधिकाऱ्यानं काहीतरी विचारलं. आणि ती बोलायला लागली.

दादा, ती बोलतच राहिली! हात नाचवत होती. अधिकाऱ्यानं मान वर केली. मग मागे वळून दुसऱ्या अधिकाऱ्याला बोलावलं. तो आला, दोघंही तिच्यावर वाकले. मी काचेला चिकटले होते, एका शिपायानं मला मागे व्हायला सांगितलं, मला ते ऐकूच आलं नाही. संपलं, मला वाटलं. तिला परत खुर्चीसकट बाहेर आणतील, आणि मग मला, आणि मग सगळं.

मग पहिल्यानं तोंडावर हात धरला. त्याचे खांदे गदगदत होते. दुसऱ्यानं शिक्का मारला.

मादामनी आतून फोन केला तेव्हा त्यांचाच श्वास लागला होता. त्यानं फक्त रीतीप्रमाणे विचारलं होतं, "माँजी, कशाला निघालात?" आणि आपली आई मोठ्यानं, मागच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली: "माझा मुलगा तिकडे आमच्या पंपाची चित्रं काढतो आणि सगळ्या जगाला हसवतो. टीव्हीवर बघितलं नाहीत? त्याचा कान पिळायला निघालेय."

माझा मुलगा. सगळं माहीत असून.

तो दुसऱ्याला हाक मारून म्हणाला, "अरे इकडे ये, ही पंपवाली आई!" आणि पासपोर्ट परत देताना खाली वाकला, आवाज लहान केला, आणि म्हणाला, "कान पिळा, माँजी. पण हात जपा त्याचा. पुढचं पान कधीचं आलेलं नाही."

मी फोन ठेवला. काच सोडून बाकावर येऊन बसले. उजवा हात डाव्या हातात जपून धरला.

गोलनूश